पेटीतली बावीस मिनिटे

जे आज लिहितो आहे ते माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेले नाही — ना मित्रांपाशी, ना देवापाशी. जिच्यापाशी सर्वांत आधी पडायला हवे होते तिच्यापाशी तर नाहीच. ती आत्ता आतल्या खोलीत आहे. मी बाहेरच्या खोलीत लिहीत बसलो आहे, आणि कागदावर हात आडवा धरला आहे, उत्तरपत्रिका झाकणाऱ्या विद्यार्थ्यासारखा. तुम्ही माझे कोणी लागत नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येईल.

माझ्याविषयी थोडे आधी सांगायला हवे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. निवृत्तीला दीड वर्ष उरले आहे. आमचे घर जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. मी कधी आवाज चढवत नाही. विद्यार्थी मला शांत समजतात, शेजारी सज्जन समजतात. मोठ्याने न बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन का समजतात, हे मला कधी उलगडले नाही.

माझी पत्नी शालन. माहेर टेंभुर्णीजवळच्या एका वस्तीवरचे. लग्न होऊन ती सोलापुरात आली तेव्हा ‘हाय’, ‘न्हाय’, ‘हितं’, ‘तितं’ असे बोलत असे. मी तिला कधी रागावलो नाही. मी फक्त दुरुस्त करीत असे. ती म्हणे, “भाकरी झाली हाय,” आणि मी ताटावर बसताना हळूच म्हणे, “आहे.” बस, इतकेच. वर्षानुवर्षे. हळूहळू ती नीट बोलू लागली, आणि हळूहळू कमी बोलू लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे माझ्या मनात आले नाही. निदान तेव्हा तरी नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. टीव्हीवर दुपारच्या वेळी लागणाऱ्या एका स्वयंपाकाच्या कार्यक्रमाचे लोक सोलापुरात आले. जुळे सोलापुरातल्याच एका मंगल कार्यालयात चित्रीकरण होते. आमच्या शेजारच्या गड्डम वहिनींनी शालनचे नाव परस्पर देऊन टाकले. वहिनी तेलुगू घरातल्या, यंत्रमागवाल्या घराण्यातल्या. कोणाला पुढे ढकलायचे असेल तर त्या विचारत बसत नाहीत. शालनने शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करून दाखवायची होती. मी चित्रीकरणाला गेलो नाही. मला तास होते. — खरे सांगतो, दोनच होते.

कार्यक्रम लागला त्या दिवशी तो टिपून ठेवायची व्यवस्था मीच करून गेलो होतो. आमच्याकडे छतावर टीव्हीची छत्री होती आणि खाली टीव्हीशेजारी तिची पेटी. त्या पेटीला पेनड्राइव्ह लावला की कार्यक्रम त्यावर उतरवता येत असे. संध्याकाळी घरी आलो, चहा घेतला, आणि शालनने मोठ्या उत्साहाने ती बावीस मिनिटे लावली.

काय पाहिले मी? एक बाई पाहिली. उखळापाशी बसलेली, पदर खोचलेली, आणि — कसे सांगू — झळाळणारी. ती निवेदकाला म्हणत होती, “मुसळाचा मार खाल्ल्याबिगर चटणीला त्याल सुटत न्हाय, दादा. मिक्सरात घातली की रुसती ती!” निवेदक हसला. त्याने स्वतः मुसळ उचलून पाहिले, तर ती म्हणाली, “आवो, गोंजारताय काय तिला? हाणा की!” आता कॅमेऱ्यामागची माणसेही हसत होती, त्यांचा आवाज ऐकू येत होता. मग त्याने विचारले, घरी कोण कोण असते? आणि शालनने कॅमेऱ्याकडे सरळ पाहून सांगितले, “आमचं मास्तर हायती. लई शिकल्यालं. बोलत्यात कमी, तपासत्यात जास्त!”

सगळे कार्यालय हसले. ती स्वतः तर डोळ्यांना पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत एका सहकाऱ्याने माझ्या डब्याकडे बोट दाखवून विचारले, “काय मास्तर, खाताय का तपासताय?” मीही हसलो. ती चेष्टा मला लागली असे तुम्हाला वाटेल. मलाही कित्येक वर्षे तसे वाटत होते. स्वतःला समजवायला ते कारण बरे होते. पण ते खरे नाही. मला लागले ते दुसरेच. वीस वर्षे माझ्या घरात राहून ही बाई माझ्यासमोर एकदाही अशी हसली नव्हती. मग हे हसणे कोठे होते इतके दिवस? आणि ते एका परक्या तरुण निवेदकाला, पाच मिनिटांच्या ओळखीवर, असे फुकट कसे मिळाले?

मत्सर म्हणजे काय हे पुस्तकात वाचून मला ठाऊक होते. पुरुषाचा पुरुषाविषयी, सहकाऱ्याचा सहकाऱ्याविषयी. पण स्वतःच्या पत्नीच्या चित्राचा मत्सर? त्या पेटीत एक शालन राहत होती आणि स्वयंपाकघरात दुसरी. पेटीतली बोलत होती, हसत होती, लोकांना आवडत होती. आणि ती माझी नव्हती. माझ्या वाट्याला आलेली ‘भाकरी झाली आहे’ असे म्हणत होती.

ती ते चित्रण रोज दुपारी पाहत असे. कधी गड्डम वहिनींबरोबर, कधी एकटी. मी लवकर आलो की जिन्यातूनच तो आवाज ऐकू येई — “हाणा की!” — आणि पाठोपाठ दोन बायकांचे हसू. मी कुलपात किल्ली घातली की हसू थांबे. वहिनी उठून जात. शालन म्हणे, “चहा ठेवते आहे.”

तिला एकच खंत होती. तिच्या आईने तो कार्यक्रम पाहिला नव्हता. त्या दिवशी वस्तीवरची वीज गेली होती ती संध्याकाळी आली. शिवाय म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिसणार तरी काय? शालन म्हणाली, “आईला एक सीडी करून द्या ना. डोळे झाले की बघेल.” शुद्ध बोलली, मुद्दाम, काही मागायचे होते म्हणून.

मी मनापासून प्रयत्न केला. हे मात्र खरे आहे. पेनड्राइव्ह काढून संगणकाला लावला, तर संगणकाला त्यात काहीच वाचता येईना. मग पेटीतून वायर काढून दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिले. चित्र काळे झाले आणि या कार्यक्रमाची प्रत काढण्यास परवानगी नाही, अशी एक ओळ उमटली. मी पेटीबरोबर आलेली पुस्तिका काढून बारीक अक्षरातला मजकूर वाचला. चित्रण पेनड्राइव्हवर असले तरी त्याची किल्ली त्या पेटीत आणि तिच्यातल्या कार्डात होती. महिन्याचे पैसे भरले नाहीत तर ते उघडत नसे. आणि पेटी बदलली तर ते कधीच, कोणाच्याही हातून उघडणार नव्हते. चोरून प्रती काढणाऱ्यांसाठी लावलेले कुलूप होते ते. टेंभुर्णीच्या म्हातारीसाठी कोणी लावले नव्हते.

आणि ते वाचताना — तुम्ही हसाल — माझ्या छातीवरचे काहीतरी हलके झाले. याची प्रत निघणार नाही. ही बाई या पेटीबाहेर जाणार नाही.

“नाही होत,” मी शालनला सांगितले. “कंपनीचे कुलूप आहे.”

“बरं,” ती म्हणाली. “हितं तरी दिसतंय की.” आणि लगेच, माझ्याकडे न पाहता, “इथे तरी दिसते आहे.”

गड्डम वहिनींनी साधा उपाय सुचवला. “सर, टीव्हीसमोर मोबाईल धरा ना! माझ्या बहिणीनं लग्नाची क्यासेट अशीच घेतली.” कॅमेऱ्याचा मोबाईल तेव्हा घरात माझ्याकडेच होता. मी म्हणालो, पट्टे येतात, आवाज फाटतो. मी नीट व्यवस्था करून देतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने असे म्हटल्यावर कोण बोलणार? पट्टे आले असते, हे खरेच होते. पट्ट्यांतूनही म्हातारीला आपली लेक ओळखू आली असती, हेही खरे होते. मी ती व्यवस्था कधीच केली नाही.

पुढे एका महिन्यात पैसे भरायचे राहून गेले. विसरलो होतो, अगदी प्रामाणिकपणे. दोन दिवस ते चित्रण उघडले नाही. दोन दिवस जिन्यात शांतता होती. त्यानंतरच्या महिन्यात मी तीन दिवस विसरलो. त्यानंतर पाच. माणूस विसरण्याची सुद्धा सवय लावून घेऊ शकतो. शालन आठवण करी, “अहो, रिचार्ज.” मी म्हणे, “हो, उद्या.” आवाज न चढवता.

मग सासूबाईंच्या डोळ्याचे ठरले. शालन त्यांना आणायला टेंभुर्णीला जाणार होती. सोलापुरात एका डोळ्याची शस्त्रक्रिया, पंधरा-वीस दिवस आमच्याकडे मुक्काम. फोनवर म्हातारी ओरडून बोलत असे, तारेतून आवाज कमी जातो अशा समजुतीने. मला दुसऱ्या खोलीत ऐकू आले. “डोळा उघडला की पयलं तुलाच बघती बग! टीव्हीतली!”

त्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला होता: जुनी पेटी परत करा, नवी, अधिक स्पष्ट चित्राची पेटी फुकट न्या. मी शालनला दाखवला. तिने एकच प्रश्न विचारला. “नव्या पेटीत माझे ते येईल ना?”

“पेनड्राइव्ह तर आपल्याकडेच आहे,” मी म्हणालो.

पाहा, किती काळजीपूर्वक बांधलेले वाक्य! त्यात एकही शब्द खोटा नाही. आयुष्यभर मी मुलांना शिकवले, की उत्तरातला प्रत्येक शब्द बरोबर असूनही उत्तर चूक असू शकते.

ती टेंभुर्णीला गेली त्या दिवशी मी कंपनीच्या माणसाला पेटी बदलायला बोलावले. चाळिशीचा, अंगापिंडाने मजबूत, बोलघेवडा. त्याने जुनी पेटी काढली आणि पिशवीत घालण्याआधी थांबला. “सर, ह्यात काय रेकॉर्डिंग ठिवलंय का? बगा हं, ही पेटी गेली की ते उघडायचं न्हाय. लई लोकं मागनं रडत्यात.”

मी म्हणालो, “नाही. महत्त्वाचे असे काही नाही.”

हाच तो अपराध, असे तुम्हाला वाटेल. इतकी वर्षे मीही याच वाक्यापाशी थांबत आलो आहे. पण पुढे वाचा.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पाच-सहा दिवसांनी डॉक्टरांनी टीव्ही पाहायला परवानगी दिली. आईबरोबरच पाहायचे म्हणून शालनने तोवर ते चित्रण लावले नव्हते. सासूबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या, टीव्हीपासून दोन हातांवर, लुगड्याचा पदर नीट करून — जणू टीव्हीतली माणसे त्यांना पाहणार होती. गड्डम वहिनी चिवड्याची बशी घेऊन आल्या. शालनने रिमोट दाबला. पडद्यावर ओळ आली: हे चित्रण या पेटीवर चालणार नाही.

“अहो, हे काय म्हणते आहे?”

मी उठलो. पेनड्राइव्ह काढला, पुसला, पुन्हा लावला. पेटी बंद केली, सुरू केली. मागच्या वायरी दाबून पाहिल्या. दहा मिनिटे मी ते नाटक केले. चेहऱ्यावर काळजीही आणली होती. शालनने माझ्या कपाळावरचा घाम पाहून पंख्याचा वेग वाढवला. शेवटी मी सांगितले, की कंपनीचा काही नियम दिसतो, पेटी बदलली की जुने उघडत नाही, मला कल्पना नव्हती.

माझी बाजू कोणी घेतली, सांगू? त्याच म्हातारीने. “आसू द्या, पाव्हणं. तुमी तरी काय करनार? कंपनीफुडं कुनाचं चालतंय व्हय?” गड्डम वहिनी मात्र म्हणाल्या, “पण सरांना हे आधी कळायला पाहिजे होतं की. सर तर सायन्सचे.” तेव्हा शालन वळली, आणि मी तिला इतक्या ठामपणे बोलताना क्वचितच ऐकले आहे. “त्यांना माहीत असते तर त्यांनी सांगितले नसते का?”

मग सासूबाई म्हणाल्या, “तूच कर की गं हितं. मला टीव्ही काय करायचाय? मी बगते.”

शालन आधी लाजली. मग स्वयंपाकघरातून खलबत्ता घेऊन आली, खाली बसली, पदर खोचला. “मुसळाचा मार खाल्ल्याबिगर चटणीला त्याल सुटत न्हाय, दादा,” ती म्हणाली, आणि तो आवाज तोच होता, अगदी तोच. म्हातारी खुदकन हसली. “मिक्सरात घातली की रुसती ती! आवो, गोंजारताय काय—” वहिनी टाळ्या वाजवू लागल्या. निवेदकाचा प्रश्न तिने त्याच्याच आवाजात विचारला, घरी कोण कोण असते? आणि उत्तर द्यायला मान वर केली. “आमचं मास्तर—”

तिची नजर माझ्यावर पडली. मी दाराशी उभा होतो. मी काही बोललो नाही, ओठही हलवले नाहीत. मी फक्त पाहत होतो. पण वीस वर्षे मी जसा पाहत आलो होतो तसाच पाहत असणार.

“आमचे सर आहेत,” शालन म्हणाली. आणि थांबली.

“मग? फुडं?” म्हातारीने विचारले.

“पुढे काही नाही, आई.” तिने खलबत्ता उचलला आणि आत नेला.

मत्सराला हवे ते सर्व मिळाले होते. पेटीतली शालन गेली होती, आणि हॉलमधलीही चार वाक्यांत संपली होती. मग मला आनंद झाला का? नाही. पश्चात्ताप झाला का? झाला असता तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. कारण एक गोष्ट मी अजून तुमच्यापासून राखून ठेवली आहे.

जुनी पेटी नेताना त्या माणसाने आणखी एक वाक्य उच्चारले होते. “पंदरा दिवस ही आमच्या सात रस्त्याच्या हापिसातच ऱ्हाती, सर. मग वर जाती. काय लागलं तर या, परत जोडून देतो.” त्याने कागदावर नंबर लिहून दिला होता आणि तो कागद माझ्या खिशात होता. मी दहा मिनिटे वायरी दाबत होतो तेव्हाही होता. चार वाक्यांनंतर शालन आत गेली तेव्हाही होता. म्हणजे अजून काहीही गेले नव्हते. ती बावीस मिनिटे स्कूटरवरून वीस मिनिटांच्या अंतरावर, एका फळीवर, सुखरूप पडून होती. पेटी जाऊन आठवा दिवस होता तो. सात दिवस उरले होते.

पेटी दिली ती मत्सराच्या भरात, असे म्हणता येईल. पण ते सात दिवस? त्या दिवसांत मी शांत होतो. भाजी आणली. सासूबाईंच्या डोळ्यात वेळच्या वेळी औषध घातले. त्या मला आशीर्वाद देत. रात्री शालन एकदा म्हणाली, “जुनी पेटी परत मिळत नसेल का हो?” मी म्हणालो, “आता कसली मिळते.” ती कूस बदलून झोपली. पुन्हा तिने विचारले नाही. त्यानंतरच्या बारा वर्षांतही नाही. गड्डम वहिनी कोणाला सांगू लागल्या, की आमच्या शालनताई टीव्हीवर आल्या होत्या, तर ती म्हणते, “जाऊ द्या वहिनी, कोणी पाहिले आहे?” सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. त्यांनी लेकीला पाहिले नाही — म्हणजे रोज पाहिले, पण ती नाही.

त्या वेळी, पेटी जाऊन पंधराव्या दिवशी, त्यांना टेंभुर्णीला परत जायचे होते. मी त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला निघालो. रिक्षात आम्ही तिघे. सासूबाई मध्ये, शालन पलीकडे, मी या बाजूला. म्हातारीने चष्मा काढून हातात धरला होता आणि लहान मुलासारखी दोन्हीकडे पाहत होती. “लई लख्ख दिसतंय गं. त्या बाईच्या लुगड्याचं काठ बी दिसत्यात बग.” सात रस्त्याला सिग्नल लागला. रिक्षा थांबली ती नेमकी त्या कार्यालयासमोर. शटर उघडे होते. आत काचेमागे फळ्या होत्या, फळ्यांवर पेट्या रचलेल्या होत्या, आणि तो बोलघेवडा माणूस टेबलाशी बसून चहा पीत होता. त्याने मला ओळखले. हात वर केला.

“कोण ते?” शालनने विचारले.

“कोणी नाही,” मी म्हणालो. सिग्नल सुटला आणि रिक्षा पुढे गेली.